तळाच्या खणातले अकरा

काच दोन दिवस लपवते, तिसऱ्या दिवशी सांगून टाकते, असं फुंकरआजोबा मुलांना सांगायचे. मग हातातली तडा गेलेली वाटी वर धरायचे आणि विचारायचे, "सांगा पाहू, हिने काय सांगितलं?"

फुंकरआजोबा हे नाव मुलांनीच ठेवलेलं. चाळीस वर्षं त्यांनी काचेच्या कारखान्यात काढली होती. लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकर मारायची, की गोळा फुगत फुगत बरणी होतो, फुलदाणी होते, कंदिलाची काच होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून ते आजींच्या डब्यांची झाकणं उगीच उघडून बघायला लागले, तेव्हा आजींनीच त्यांना हस्तकला केंद्रात पिटाळलं. तिथे एक लहान भट्टी होती. दर शनिवारी सकाळी नऊला तिथे आजोबांचा वर्ग भरायचा. आठ ते बारा वर्षांची नऊ मुलं यायची. मुलाने भट्टीपासून लांब उभं राहून फुंकर मारायची आणि आजोबांनी फुंकणी धरून फिरवत राहायची. वितळलेली काच मधासारखी असते; फिरवणं थांबलं की ओघळते.

या वर्गात पुस्तक नव्हतं, पेटी होती. तीन खणांची लाकडी पेटी, आजोबांच्या चुकांनी भरलेली. कारखान्यातल्या पहिल्या आठवड्यापासून त्यांनी आपली प्रत्येक मोठी चूक जपून ठेवली होती आणि प्रत्येकीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. चिठ्ठीत दोनच गोष्टी असायच्या: कधी झाली आणि कशाने झाली. "मंद भट्टीतून लवकर काढली. घाई." "फुंकर जास्त. जेवायची वेळ झाली होती." काच तापवल्यावर ती मंद भट्टीत रात्रभर हळूहळू निवू द्यावी लागते, हे मुलं त्या घाईच्या बरणीवरून शिकली.

"कुणामुळे झाली ते नाही लिहायचं?" एका मुलीने एकदा विचारलं होतं. ती इतके प्रश्न विचारायची की वर्गात तिला सगळे प्रश्नचिन्हच म्हणत.

"नाही. चिठ्ठी आपली, चूक आपली. दुसऱ्याचं नाव आलं की ती चिठ्ठी राहत नाही, तक्रार होते."

"आणि चिठ्ठी लिहिलीच नाही तर?"

"तर मग तो नुसता कचरा. केरात टाका."

हा नियम त्यांनी स्वतःसाठीही कधी मोडला नाही, आणि तेच पुढे नडलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा एका फुलदाणीची मान किंचित कलंडली. मग एका पेल्याचा काठ कापडाच्या दुमडीसारखा लहरला. आजोबा शहाणे होते. त्यांनी भट्टीसमोर एक लोखंडी टेकू लावून घेतला, फुंकणी त्यावर ठेवली, फिरवायचं काम डाव्या हाताला शिकवलं. मुलांसमोर उजवा हात नुसता धरल्यासारखा दाखवायचा. तीन वर्षांत कुणा मुलाला साधा चटकाही बसला नव्हता. पण शुक्रवारी दुपारी, भट्टी तापवून ठेवायला ते एकटेच जायचे, तेव्हा कधीकधी त्यांना राहवायचं नाही. टेकू बाजूला सारून ते उजव्या हाताची परीक्षा घ्यायचे. हात दर वेळी नापास व्हायचा. असे अकरा तुकडे झाले. अकराही त्यांनी पेटीच्या तळाच्या खणात ठेवले, आणि अकराही चिठ्ठ्यांवर तारखेखाली एकच शब्द लिहिला: "हात."

तो खण मुलांसमोर कधी उघडला नाही. केंद्र चालवणाऱ्या बाईंना कळलं असतं तर वर्ग त्याच दिवशी बंद झाला असता, आणि तो वर्ग गेला तर उरलेल्या सहा दिवसांचं करायचं काय, हे आजोबांना माहीत नव्हतं.

हे गुपित एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यांच्या पुतणीला.

पुतणीला ते ठिणगी म्हणत. नऊ वर्षांची असताना ती त्यांचा डबा द्यायला कारखान्यात आली आणि भट्टीसमोर अशी उभी राहिली की डबा द्यायचाच विसरली. "जा आता घरी, ठिणगे," असं काका रोज म्हणायचे आणि रोज ती आणखी अर्धा तास थांबायची. तिची पहिली फुंकर, पहिली वाटी, पहिली चिठ्ठी, सगळं त्यांच्या हाताखाली झालं. पुढे ती कलाशाळेत गेली, काचेची शिल्पं करू लागली, तिचे फोटो मासिकांत यायला लागले. आजोबा ते कापून ठेवत आणि आलेल्यागेलेल्याला दाखवत. आजी म्हणायच्या, "पाहुण्यांना पाणी तरी पिऊ द्या आधी."

सहा महिन्यांपूर्वी ठिणगी घरी आली होती. पंख्याखाली बसून म्हणाली, "काका, मी आता शिकवायचं म्हणतेय. तुझी पेटी देशील?"

पेटी कधीतरी पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, हे त्यांनी ठरवलेलंच होतं. मुलांना त्या पेटीतल्या चुका आता पाठ झाल्या होत्या. वर्षभर आपण तोंडी सांगू, असा त्यांनी हिशोब केला. पेटी आणून त्यांनी तिच्यासमोर ठेवली, तळाचा खण उघडला आणि सगळं सांगितलं.

"हे अकरा कुणाला दाखवू नकोस. मी गेल्यावर काय करायचं ते कर."

ठिणगीने त्यांच्या थरथरत्या हातावर आपला हात ठेवला होता. "नाही दाखवणार, काका. शप्पथ."

आजोबांना त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं. इतकं, की ते आजींना म्हणाले, "आज बाहेर चक्कर मारून येऊ या."

आणि आता तिच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं.

"अहो, कोटाचं बटण उलटं लावलंय," दारातच आजी म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनी ते नीट केलं. "सगळं शहर तिथे येणार. कलाकाराचे गुरू म्हणून तुम्हाला पुढे बसवतील आणि तुम्ही कोट असा घालणार."

"माझ्याकडे कोण बघतंय? काच बघायला येतील लोक."

"येतील, पण आधी तुम्हाला बघतील. ताठ चाला."

प्रदर्शनाचं दालन पांढरंशुभ्र होतं. इतकं, की आत शिरताना आजींनी चपला काढायच्या का, असं हळूच विचारलं. पहिल्या खोलीत ठिणगीची मोठी शिल्पं होती. छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारा काचेच्या धाग्यांचा पडदा, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी एक रिकामी खुर्ची, खुंटीवर टांगलेला काचेचा सदरा. लोक हातातले पेले जपत, दबक्या आवाजात बोलत फिरत होते. आजोबा मात्र वाकून प्रत्येक शिल्पाची बैठक बघत होते.

"हे काय, तळ काय बघताय?" आजी म्हणाल्या.

"काच धरायला तळाला चिकटवलेली दांडी मोडल्याची खूण बघतोय. बघ, एकही ओरखडा ठेवला नाही पोरीने. असं घासायला मीच शिकवलं तिला." त्यांचा चेहरा फुलून आला होता. मोडक्या पंख्याची तक्रार घेऊन आल्यासारखा एक म्हातारा कोट घालून शिल्पांचे तळ बघत हिंडतोय, हे बघून दोघीतिघी हसल्या. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

"आजोबाऽ!" प्रश्नचिन्ह आईचा हात सोडून धावत आली. केंद्रात लावलेलं आमंत्रण बघून वर्गातली दोनचार मुलं आली होती. केंद्राच्या बाईही आल्या होत्या. "आजोबा, आत चला! आत तुमची पेटी आहे!"

"माझी पेटी? पेटी कशी असेल गं इथे?"

"आहे! मी बघितली. तुमचं अक्षर आहे!"

तिने त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत ओढत नेलं.

आतली खोली अंधारी होती. भिंतींच्या कडेने काळे, उंच, बारीक खांब उभे होते. प्रत्येक खांबावर एक तुकडा, खालून दिवा सोडलेला. शेजारी चौकटीत त्याची चिठ्ठी. दारापाशी पहिलाच तुकडा होता तो घाईचा, तडा गेलेल्या बरणीचा. उजेडात तो तडा असा चमकत होता की क्षणभर आजोबांनाच ती बरणी सुंदर वाटली. पोरीने आपल्या चुकांना असं सजवलं! मांडायचं होतं तर सांगायचं तरी. पण खट्याळच आहे, काकाला चकित करायचं असेल तिला.

प्रश्नचिन्ह वर्गात वाचायची तशीच मोठ्याने वाचत चालली होती. "घाई. फुंकर जास्त. रंग चुकीचा मिसळला. लक्ष नव्हतं, बाहेर मिरवणूक चालली होती." लोक हसत होते. आजोबाही हसत होते. जेमतेम विशीतला एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "काय भारी आहे रे, माणसाने आपला सगळा गाढवपणा जपून ठेवलाय." त्याचाही त्यांना राग आला नाही. खरंच होतं ते.

मग समोरची भिंत आली.

त्या भिंतीशी अकरा खांब होते आणि उजेड सगळ्यात जास्त तिथेच होता. मान कलंडलेली फुलदाणी. लहरलेल्या काठाचा पेला. भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: चाळीस वर्षांचा हात सुटत जातो तेव्हा.

"हात," प्रश्नचिन्हाने वाचलं. पुढच्या खांबाशी गेली. "हात." त्याच्या पुढच्या. "हात. हात. आजोबा, या सगळ्यांवर हातच लिहिलंय. हात म्हणजे काय झालं?"

तिने त्यांच्याकडे वर बघितलं, मग आपल्या मुठीतल्या त्यांच्या हाताकडे. चिठ्ठीवरून चूक ओळखायला त्यांनीच तिला शिकवलं होतं आणि ती वर्गात हुशार होती.

"हा हात?" ती म्हणाली. "म्हणून तुम्ही टेकू लावता?"

खोलीत फारसा आवाज नव्हता. तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. एक बाई हळहळून म्हणाली, "अरेरे, हेच का ते? बघ ना, थरथर कशी काचेत गोठून राहिलीये." प्रश्नचिन्हाची आई पुढे आली. आजोबांकडे बघून कसनुसं हसली, आणि त्यांच्या हातातून तिने मुलीचा हात अलगद सोडवून घेतला.

तो हात सुटला तेव्हा आजोबांना कळलं, की वर्ग गेला.

केंद्राच्या बाई वाईट नव्हत्या. त्या जवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही मला सांगायला हवं होतं. भट्टीजवळ मुलं असतात. उद्या काही झालं तर पालकांना मी काय तोंड दाखवू?"

"तीन वर्षांत काही झालं नाही, बाई."

"झालं नाही, पण आता सगळ्यांना माहीत झालंय. तुम्ही या, खुर्चीवर बसा, मुलांना गोष्टी सांगा. फुंकणी मात्र..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. तेवढ्यात गर्दीतून ठिणगी येताना दिसली, तशा त्या सुटल्यासारख्या तिच्याकडे वळल्या. "तुझ्याशीच बोलायचं होतं. शनिवारचा वर्ग घेशील का? मुलांचं अर्ध्यात तुटायला नको."

ठिणगीने काकाकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"घेईन," ती म्हणाली.

विचार करायलासुद्धा तिने वेळ घेतला नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे आजोबांना सत्तराव्या वर्षी कळलं.

बाई निघून गेल्यावर ठिणगी त्यांना खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. "काका, रागावलास?"

"शप्पथ घेतली होतीस."

"घेतली होती. पण मी ते अकरा रोज काढून बघायचे रे. माझं सगळं काम एकीकडे आणि ते अकरा एकीकडे. मला तसं कधीच जमणार नाही. लोक रडतायत ते बघून, काका. हा तुझा मान आहे."

"लोकांचं काय जातं रडायला? घरी जाऊन जेवतील."

"तूच शिकवलंस ना, चूक झाकायची नाही म्हणून?"

"आपली, ठिणगे. आपली झाकायची नाही. दुसऱ्याची उघडायची, हे कधी शिकवलं?"

ती एकदम उसळून म्हणाली, "आणि एखाद्या मुलाला भाजलं असतं म्हणजे? कुणीतरी थांबवायला नको होतं तुला?"

आजोबांनी मान हलवली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कितीतरी शुक्रवारी विचारला होता. "बरोबर आहे. हवं होतं. पण ते तू घरी येऊन सांगायचंस. पंख्याखाली बसून. काका, आता पुरे, एवढंच. मी त्याच दिवशी फुंकणी खाली ठेवली असती. तुझं मी ऐकलं असतं. खरं सांग. मुलांसाठी मांडलंस का हे?"

ठिणगीने प्रदर्शनाचं एक आमंत्रणपत्र उचललं, ते उलटं केलं, केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि भिंतीला टेकवून काहीतरी लिहिलं. लहानपणी वाटी फुटली की ती असंच करायची. मग डोळे पुसत तिने तो कागद काकापुढे धरला.

आजची तारीख होती. खाली लिहिलं होतं: "काकाला विचारायचं राहून गेलं."

आजोबांनी ते दोनदा वाचलं. शिक्षकाने वही तपासावी तसं, अगदी शांतपणे.

"राहून गेलं?" त्यांनी विचारलं.

ठिणगीने पेन्सिल परत केसांत खोचली.

"सहा महिने पेटी तुझ्याकडे होती. माझा फोन नंबर तोच आहे. घर तेच आहे." त्यांनी कागदाची मधोमध घडी घातली आणि तिच्या हातात परत ठेवली. "करताना कळत नाही, ती चूक. तुला हे करताना कळत होतं. त्याला चिठ्ठी नसते, बाळ."

बाळ हा शब्द सवयीने तोंडातून गेला. तो परत घेता येत नाही, म्हणून ते तसेच वळले.

आजी दारापाशी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना त्यांनी नेहमीसारखी उजवी बाजू धरली. आपला हात धरून त्या कधीपासून उजव्या बाजूने चालतात, हे आजोबांना आठवेना.

प्रदर्शन तीन महिने चालणार होतं आणि मग दुसऱ्या शहरात जाणार होतं. पेटी परत कधी येणार हे ठिणगीने फोनवर आजींना सांगायचा प्रयत्न केला. आजी फक्त "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार तरी काय?

शनिवार उजाडला. आजोबा सवयीने आठला तयार झाले, सवयीने बूट घातले, आणि बूट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. आजींनी त्यांच्यापुढे कप ठेवला. कप नेहमीसारखा अर्धा होता.

आजोबा त्या अर्ध्या कपाकडे बघत राहिले.

"तू मला नेहमी अर्धाच चहा देतेस," ते म्हणाले.

"हो. मग पुन्हा अर्धा देते."

"का?"

आजींनी किटली खाली ठेवली. "सांडायचा," त्या म्हणाल्या.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही सदऱ्याचं वरचं बटण लावायचं सोडलंत ना, तेव्हापासून. तीन वर्षं होतील."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. झाकली मूठ तुमची. मी कशाला उघडू?"

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले. भट्टी एव्हाना लाल झाली असेल. नऊ मुलं ओळीने उभी असतील आणि प्रश्नचिन्हाने पहिला प्रश्न विचारला असेल. आजोबांची पेटी इथे का नाही? ठिणगी काय सांगेल, याचा आजोबांनी विचार करून बघितला.

"भर पूर्ण," ते म्हणाले.

"सांडेल."

"सांडू दे की."

आजींनी कप काठोकाठ भरला. आजोबांनी तो उचलला. थोडा चहा बशीत पडला, थोडा सदऱ्यावर. मग त्यांनी डावा हातही कपाला लावला आणि बायकोच्या देखत, तीन वर्षांत पहिल्यांदा, दोन्ही हातांनी धरून चहा प्यायला.